बाबांचं आणीबाणीचं भाषण टाइप करतोय, एका वाक्यावर अडलोय

सायकल_डबलसीट · १५ जून २०२५, रात्री ११.४०

नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचक आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या. पक्षांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की धागा कुठे जातो ते आपल्याला माहीत आहे.

मी ३६ वर्षांचा, पुण्यात नोकरी, मूळचा सांगलीचा. मी गे आहे. कर्वेनगरला जोडीदारासोबत राहतो, सहा वर्षं झाली. त्याला इथे 'न' म्हणतो. बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त. पाचवीत असल्यापासून शाखेत. अजून रोज पहाटे जातात, गुडघ्याला पट्टा बांधून.

बाबांना माझ्याबद्दल माहीत आहे. ६ सप्टेंबर २०१८ला समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल आला आणि त्या दिवाळीत मी सांगून टाकलं. ऐकून घेतलं, "मेन स्विच बघून येतो" म्हणाले आणि उठले. लाइट गेलेली नव्हती. पंधरा मिनिटांनी परत आले, आईला म्हणाले, "चहा टाक." त्यानंतर त्या विषयावर थेट बोलणं असं कधी झालंच नाही. 'न' घरी येतो, जेवतो, गणपतीत आरतीला उभा राहतो. नातेवाइकांना ओळख 'पुण्याचा मित्र'. आई जाताना भडंगाची दोन पाकिटं देते. दोन, हे तिचं बोलणं.

एकदाच बाबांनी स्वतःहून काही केलं. जानेवारी २०२३मध्ये सरसंघचालकांची ती मुलाखत छापून आली होती, त्यात जरासंधाच्या हंस आणि डिंभक या दोन सेनापतींचा दाखला होता, असे लोक पूर्वीपासून आहेत आणि त्यांनाही जगण्याचा हक्क आहे अशा अर्थाचा. मी सांगलीला गेलो तेव्हा तो अंक टीपॉयवर होता. त्या पानाचा कोपरा मुडपलेला, वर चष्म्याची डबी. मी वाचलं, डबी परत ठेवली. बाबा पेपरमागून बघत होते. मला बरं वाटलं आणि रागही आला. स्वतःच्या मुलाला जवळ करायला वरून निरोप यावा लागतो का? (बाकी महाभारतात त्या दोघांचा शेवट यमुनेत बुडून होतो. ते बाबांच्या लक्षात आलं नसावं.) दोन महिन्यांत सरकारचं सुप्रीम कोर्टात समलिंगी विवाहाविरुद्ध प्रतिज्ञापत्र आलं, संघानेही विवाह स्त्री-पुरुषांतच असं सांगितलं, आणि फॅमिली ग्रुपवर बाबांचे फॉरवर्ड सुरू झाले. मी ग्रुप सोडला. आईने परत घेतलं. असं तीनदा.

आता मूळ प्रश्न. २५ जूनला आणीबाणीला पन्नास वर्षं होतायत. बाबा डिसेंबर १९७५मध्ये सत्याग्रह करून आत गेले होते. आधी सांगलीचा तुरुंग, मग येरवडा, मिळून साडेतीन महिने. वय २१. राज्य सरकारने २०१८मध्ये अशा लोकांना मानधन सुरू केलं, महिनाभराहून जास्त आत होते त्यांना दहा हजार. २०२०मध्ये बंद झालं, २०२२ला परत सुरू. बाबा त्यातला रुपया घरात वापरत नाहीत, एका वसतिगृहाला देतात. तर गावात सत्कार आहे आणि बाबांना दहा मिनिटं बोलायचंय. मराठी टायपिंग मला येतं म्हणून काम माझ्याकडे. २०११च्या डायरीत लिहिलेल्या अकरा पानांचे फोटो व्हॉट्सअपवर आले. "मोठ्या अक्षरात काढ, चष्मा न लावता वाचता यावं."

आणि लिहिलंय झकास, खोटं कशाला बोलू. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं हळदीच्या पोत्यात लपवायचे. एकदा मारुती चौकात हवालदाराने थांबवलं, खिशात काही सापडलं नाही, पण तळहात पिवळे बघून तो म्हणाला, "लग्न ठरलंय काय रे?" आणि सोडून दिलं. बराकीत समाजवादी, जमाते इस्लामीवाले, हे सगळे एका ठिकाणी. एका समाजवाद्याने यांना बुद्धिबळ शिकवलं. यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

नवव्या पानावर हे आलं:

"आज पुन्हा घाला पडतो आहे, तो कुटुंबव्यवस्थेवर. परदेशी विचारांच्या आहारी जाऊन विवाहसंस्थेची थट्टा मांडणाऱ्यांपासून नव्या पिढीला सावध करणे हे आजचे सत्याग्रहाचेच काम आहे."

'थट्टा'पर्यंत टाइप केलं आणि थांबलो. ही मघाची साडेनऊची गोष्ट. 'न' झोपलाय, त्याला अजून दाखवलेलं नाही.

प्रमुख पाहुणे जे आहेत त्यांनी २०२३मध्ये एका सभेत आमच्यासारख्यांवर जे विनोद केले ते गावात अजून सांगितले जातात. बाबांनी विचारलंय, "येशील ना?" वाक्य टाइप करू, गाळू, का भाषणच परत पाठवू? आणि जाऊ का?

---

कट्ट्यावरचा_पिंपळ · १६ जून, सकाळी ८.०५

परत पाठव. सरळ आहे.

हेच वाक्य सोसायटीच्या चेअरमनने लिहिलं असतं आणि तुला टाइप करायला दिलं असतं तर इथे धागा काढला असतास का? वडील आहेत म्हणून सूट हवी, आणि ती सूटही तूच द्यायची. तुझ्याकडून तुझ्याच विरुद्धचं पत्रक मोठ्या अक्षरात काढून घेतायत. मी घरी जाणं २०२१पासून बंद केलं. सुखी आहे असं म्हणणार नाही, पण बीपी नॉर्मल आहे.

---

जुना_गणवेश · १६ जून, सकाळी १०.३०

आपल्या वडिलांच्या पिढीचा आहे, त्यांच्याच वाटेवरचा. प्रतिसाद द्यावा की नाही असा विचार करत होतो.

ते वाक्य तुमच्याविषयी नाही. तुम्हाला पटणार नाही, तरी सांगतो. अशी वाक्ये आम्हाला पाठ असतात. भाषणाच्या शेवटाकडे आले की ती आपोआप येतात, कीर्तनात गजर यावा तशी. लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर तुम्ही नव्हता, हीच खरी गोम आहे. घरातला मुलगा आणि भाषणातले 'ते लोक' यांची कधी गाठ पडत नाही.

मुडपलेल्या पानाला मात्र हसू नका. आमच्या घरांत बाप मुलाला पत्र लिहीत नाही. ते पत्र होते.

विवाहाच्या प्रश्नावर मी तुमच्या वडिलांच्याच मताचा आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

---

सायकल_डबलसीट · १६ जून, दुपारी १.१५

@पिंपळ, चेअरमनने माझी इंजिनिअरिंगची फी भरलेली नाही, आणि पहाटे साडेचारला मला सांगली स्टँडवर सोडायलाही आलेला नाही. सूट कशाला म्हणतात ते मला कळतं. पण तुझा प्रश्न टोचला, खोटं नाही.

@जुना_गणवेश, आभार. 'समोर तुम्ही नव्हता' हे वाचून बरं वाटायला हवं होतं. उलट झालं. लिहिताना मी समोर असतो आणि तरी लिहिलं असतं, तर निदान भांडता आलं असतं.

---

अॅड_कृष्णाकाठ · १६ जून, संध्याकाळी ६.५०

तुमच्या वडिलांशी त्यांच्याच पिचवर खेळा.

आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ला दिला. जबलपूर खटला. चार विरुद्ध एक. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड, आपले मराठी. तुरुंगात गेलेला कुठलाही माणूस तो निकाल विसरत नाही.

तो निकाल चुकीचा होता असं नऊ न्यायमूर्तींच्या पीठात २४ ऑगस्ट २०१७ला लिहिलं कुणी? त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. हा खासगीपणाच्या हक्काचा निकाल. आणि त्याच निकालपत्रात, ३७७ कायम ठेवणारा डिसेंबर २०१३चा निकाल कसा चुकला तेही आहे. वर्षभरात ३७७ गेलं ते त्याच पायावर. म्हणजे वडिलांची बराक आणि तुमचं घर एकाच निकालपत्रात आहे. नवव्या पानावर हे टाका की!

अवांतर, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोगी: लग्नाचा हक्क ऑक्टोबर २०२३मध्ये नाकारला गेला, फेरविचार याचिकाही यंदा जानेवारीत फेटाळल्या. मात्र संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ला केला आहे. बँकेत कुणी नाक मुरडलं तर तो दाखवा. आणि मृत्युपत्र करा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे मी रोज चार जणांना सांगतो.

---

सुमनमावशी · १६ जून, रात्री ९.२०

बाळा, मला कायद्यातलं कळत नाही. माझाही मुलगा तुझ्यासारखाच, नाशिकला असतो, म्हणून लिहिते.

अकरा पानं तू वाचलीस. हवालदार आहे, हळद आहे, समाजवादी आहे. तुझे आजोबा कुठे आहेत? एकवीस वर्षांचा मुलगा तुरुंगात आणि बापाचा एका ओळीत उल्लेख नाही? भेटायला आले नव्हते का ते?

---

सायकल_डबलसीट · १८ जून, रात्री १२.१०

वकीलसाहेब, तुमचा मुद्दा मी काल फोनवर वापरला. मला वाटलं होतं, बाबा गप्प होतील. बाबा म्हणाले, "माहीत आहे. तेव्हाच वाचलंय. खन्नांचा फोटो आमच्याकडे एकाच्या घरात आहे. पण मुलाने बापाचं निस्तरलं म्हणून त्याचं सगळंच बरोबर होत नाही. आणि त्याच धनंजयरावांच्या पीठाने तुमचं लग्न दिलं का?" मी म्हणालो, चंद्रचूड तेव्हा नागरी जोडणीच्या (सिव्हिल युनियन) बाजूने होते, अल्पमतात गेले. "लग्नाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही एकमत होते. मी वाचलंय." विषय संपला. मला इतकंच कळलं की ७१व्या वर्षी या माणसाने तो निकाल वाचलाय. मी पूर्ण वाचलेला नाही.

मावशी, तुमचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी विचारला.

आजोबा मला अंधुक आठवतात. साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते आणि वसंतदादांचे पक्के. आमच्याकडे दादांचा फोटो देवघराच्या शेजारी होता एवढं ऐकून आहे. म्हणजे आणीबाणी ज्यांची, त्यांच्याच बाजूचे. माझ्या डोक्यात हे कधी एकत्र आलंच नव्हतं.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "एकदा आले होते. सांगलीच्या जेलला. आत नाही आले. शिपायाकडे स्वेटर दिला आणि गेले."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कसली. स्वेटर."

सुटून आल्यावर वर्षभर एका पंगतीला बसले नाहीत. आजी दोनदा वाढायची. मग मार्च १९७७ची निवडणूक. आजोबांचा पाय मुरगळलेला आणि केंद्र लांब. बाबांनी सायकल काढली, आजोबा मागे बसले. वाटेत एक अक्षर नाही. त्यांनी गाय-वासरावर शिक्का मारला, यांनी विरोधात, आणि परत तसेच आले. "उतरताना माझा खांदा धरला त्यांनी. पाय दुखत होता म्हणून," बाबा म्हणाले. 'पाय दुखत होता म्हणून' हे दोनदा म्हणाले.

(सदस्यनाम मी आज बदललंय, कुणाच्या लक्षात आलं असेल तर. नोंदणीच्या वेळी भलतंच काहीतरी होतं.)

मी विचारलं, हे भाषणात का नाही? "ते घरातलं आहे. सभेत घरातलं आणायचं नसतं." मग मी म्हणालो, "बाबा, नववं पानपण घरातलंच आहे."

"कुठलं?"

वाचून दाखवलं. वाचताना माझा आवाज चिरकला, त्याची लाज वाटते अजून. बाबा म्हणाले, "ते तुझ्याबद्दल नाहीये रे." गणवेशकाका, अगदी तुमचेच शब्द. मी म्हणालो, "मग कुणाबद्दल आहे? एक नाव सांगा." उत्तर आलं नाही. मागून आई ओरडत होती, दूध उतू गेलं म्हणून.

मी ते वाक्य टाइप केलंय. पिंपळ शिव्या घालेल. पण भाषण बाबांचं आहे, त्यांचं वाक्य मी खाल्लं तर मग पत्रकं कापणाऱ्या सेन्सॉरमध्ये आणि माझ्यात फरक काय? अक्षराचा आकार २० ठेवला. फाइलसोबत एवढंच लिहिलं: "पूर्ण टाइप केलंय. मी आणि न, दोघं येतोय. पुढच्या रांगेत बसू."

निळी टिक आली. उत्तर नाही.

---

कट्ट्यावरचा_पिंपळ · १८ जून, सकाळी ७.५५

शिव्या घालत नाही. स्वेटरपाशी थांबलो जरा. मी तरी टाइप केलं नसतं.

---

सुमनमावशी · १८ जून, सकाळी ११.००

उत्तर आलं का?

---

सायकल_डबलसीट · १८ जून, सकाळी ११.२५

आलं. "जेवायला किती जण ते केटरर विचारतोय. तुमचे २ धरलेत."

---

सायकल_डबलसीट · २८ जून, रात्री १०.३०

व्यनिमधून (व्यक्तिगत निरोपांतून) विचारणा होतायत म्हणून शेवटचं लिहितो.

गेलो होतो. पुढची रांग पाहुण्यांना राखीव होती, आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. हॉलमध्ये पंखे होते पण लाइट दोनदा गेली. दोन्ही वेळा बाबा व्यासपीठावरून वायरमनला खुणा करत होते. नोकरीतली सवय. त्यांच्यासारखे सतराजण होते सत्काराला. दोघांना धरून चढवलं. एकाचं नाव पुकारलं तेव्हा त्याची बायको उठली, तो गेल्याच महिन्यात गेला होता.

बाबांनी हळद सांगितली, हवालदार सांगितला, लोक हसले. स्वेटर सांगितला नाही. मला आशा होती, सांगत का नाही म्हणून मी जागेवर चुळबुळ करत होतो, 'न'ने गुडघा दाबला. नववं पान आलं. "आज पुन्हा घाला पडतो आहे, तो कुटुंबव्यवस्थेवर," हे वाचलं. "परदेशी विचारांच्या आहारी जाऊन," हेही वाचलं. मग थांबले. कागद डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. मी २०च्या आकारात टाइप केलंय, ते अक्षर मला तिसऱ्या रांगेतून दिसत होतं. "...नवी पिढी आईबापांना विचारत नाही," असं काहीतरी स्वतःचं जोडून पुढच्या पानावर गेले. विवाहसंस्था नाही, थट्टा नाही, सत्याग्रहाचं कामही नाही.

याला काय म्हणायचं मला कळलेलं नाही. 'न'चं म्हणणं, अर्धं वाक्य गिळायला पूर्ण म्हणण्यापेक्षा जास्त ताकद लागते. माझं म्हणणं, राहिलेलं अर्धंही काही फार चांगलं नव्हतं. यावर एस्टीत आमचं इस्लामपूरपर्यंत भांडण चाललं.

प्रमुख पाहुणे वीस मिनिटं बोलले आणि त्यांचा तो नेहमीचा विनोद झालाच. टाळ्या पडल्या. मी बाबांकडेच बघत होतो. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मांडीवर शाल होती आणि दोन्ही हातांत सत्काराचा नारळ, त्यामुळे त्यातून काही अर्थ काढायचा नाही असं मी ठरवलंय.

जेवताना एका काकांनी 'न'ला विचारलं, "तुम्ही कोण?" मी घास घेतलेला. बाबा वाटीतली आमटी ओरपत म्हणाले, "आमच्याकडचे आहेत." काका म्हणाले, "असं होय," आणि मठ्ठा वाढून घेतला. 'पुण्याचा मित्र'वरून 'आमच्याकडचे', सहा वर्षांत एवढं.

महापालिकेची निवडणूक कधीतरी लागेलच, तेव्हा फॅमिली ग्रुप मी चौथ्यांदा सोडेन. नॉमिनीचं काम मात्र केलं, वकीलसाहेब. बँकेत कुणी नाकही मुरडलं नाही, फक्त फॉर्ममध्ये 'नाते' या रकान्यात काय लिहायचं यावर दहा मिनिटं गेली.

निघताना आईने भडंगासोबत तो सत्काराचा नारळही पिशवीत घातला. काल पुण्यात फोडला. नासका निघाला. बाबांना कळवलेलं नाही.